छत्तीस कर्ण्यांचा निरोप

पहिली गोष्ट म्हणजे, मला त्या ड्रम वाजवणाऱ्या बाईत काडीचाही रस नव्हता. हे मी इथे लेखी देऊन ठेवतो, कारण आमच्या गल्लीतल्या बावीस घरांपैकी सतरा घरांचा समज अजून वेगळा आहे, आणि उरलेल्या पाच घरांत ऐकू कमी येतं.

मी मुळात भानगडी करणारा माणूस नव्हे. सदतीस वर्षं मी आमच्या गावच्या सहकारी संघाच्या शेडमध्ये संत्री तपासत होतो. पट्ट्यावरून संत्री पुढे सरकायची आणि मी म्हणायचो: अव्वल, मध्यम, किरकोळ, रसाला. रसाला म्हणजे डाग पडलेलं, वाकडं, कोणाच्या घरी भेट म्हणून नेता येणार नाही असं. ते थेट बाटलीत. सदतीस वर्षांत नजर इतकी बसली, की आता माणूस समोर आला तरी आधी त्याची प्रतवारी होते आणि मग मी वाकून नमस्कार करतो. मार्चमध्ये निवृत्त झालो तेव्हा शेडने मला भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि बायकोने माझी प्रतवारी सांगितली. ती बाटलीत जाणारी होती.

बायकोचं नाव मिसाओ. जुलैअखेरीस एका दुपारी ती सोयाबीनच्या हिरव्या शेंगांची टोकं कात्रीने कापत बसली होती. कापता कापता म्हणाली, की उत्तरेला साप्पोरोत असलेल्या आपल्या मुलीला नोव्हेंबरात बाळ होणार, तर सात तारखेच्या विमानाचं तिकीट काढलंय. मी म्हटलं, बरं केलंस. परत कधी येतेस?

"परतीचं काढलं नाही."

मी घड्याळाकडे पाहिलं. शेडचं घड्याळ, दोन मिनिटं पुढे आहे.

"तिथे दोन महिने लागतील, नाहीतर बारा," ती म्हणाली. "इथे मी परत यायला हवी आहे असं तीस वर्षांत कोणी म्हटल्याचं मला आठवत नाही. कोणी म्हटलं, तर काढीन."

आणि कात्री चालू. आता वाचकहो, अशा वेळी माणसाने काय बोलावं हे मलाही कळतं. पण कळणं वेगळं आणि तोंड वेगळं. मी म्हटलं, "मीठ जरा बेताने घाल."

यात माझा एकट्याचा दोष नाही. आमच्याकडच्या पुरुषांना हा भाग शिकवलेलाच नसतो. माझ्या वडिलांनी आईशी उभ्या आयुष्यात तीन शब्दांत संसार केला: जेवण, आंघोळ, अंथरूण. मी त्यात चौथा मिळवला: चष्मा. ही प्रगतीच म्हणायची. लग्नाचं विचारायला मी मिसाओला बंदराच्या बांधावर नेलं होतं, तेव्हासुद्धा नीट पाठ करून गेलो होतो. तिच्या मांडीवर कॅसेटचा रेडिओ होता आणि त्यावर 'अमानात्सु' लागलं होतं. अमानात्सु म्हणजे आमच्याच किनाऱ्यावरच्या पाच मुली; गिटारी, ड्रम आणि घसे, सगळं त्यांचं त्यांचंच. त्या काळात त्यांची प्रेमाची तीन गाणी देशभर वाजत होती: 'सालीचा वास', 'बोट सुटू दे' आणि 'पाच वाजले तरी'. त्या संध्याकाळी तिसरं लागलं होतं. *पाच वाजले तरी जाऊ नकोस, समुद्र अजून गरम आहे, घरी सांग घड्याळ मागे होतं.* गाणं संपलं. मिसाओने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "भरती येतेय."

ती पाण्याकडे पाहून म्हणाली, "बरं." शरद ऋतूत लग्न झालं. तेव्हापासून ती सांगते, की तिला हवामानाच्या कारणावरून मागणी घातली गेली.

तर ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात नगरपालिकेचं मासिक पत्रक आलं. गावात छत्तीस खांबांवर कर्णे आहेत. भूकंप आला, लाट आली तर त्यांतून ओरडायचं, आणि एरवी ते चालू आहेत की नाहीत हे कळावं म्हणून रोज संध्याकाळी पाचला त्यांतून एका जुन्या बालगीताची धून वाजवायची. ती ऐकून मुलं खेळ सोडून घरी पळतात. पत्रकात चार ओळी होत्या: धून वाजवायचं जुनं यंत्र बदलत आहोत, नव्या धुनेबद्दल रहिवाशांनी सूचना कराव्यात, सूचना लेखी असाव्यात.

मी बसल्या जागी उभा राहिलो. रोज पाचला, छत्तीस कर्ण्यांतून, डोंगर ते बंदर: *जाऊ नकोस.* तोंड न उघडता. मिसाओला कळल्याशिवाय राहणारच नाही. माझ्या बसायच्या खोलीपासून स्वयंपाकघर सात पावलांवर आहे. सात पावलं जाऊन दोन शब्द बोलले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. मी छत्री घेतली आणि नगरपालिकेत गेलो.

आपत्ती विभागात हेन्मीबाई बसतात. पंचेचाळिशीच्या, नीटनेटक्या, सालीवर एक डाग नाही. अव्वल, पण साल जाड. त्यांनी अर्ज दोन्ही हातांनी घेतला, वाचला, आणि म्हणाल्या की धुनेसोबत गाण्याचे शब्द जोडावे लागतील. मी म्हटलं, कर्ण्यातून शब्द वाजणारच नाहीत, नुसती चाल वाजणार. त्या म्हणाल्या, बरोबर आहे, म्हणूनच लेखी हवेत. मी घरी येऊन शब्द सुवाच्य अक्षरात लिहून काढले. मिसाओ मागून गेली म्हणून वर वर्तमानपत्र ठेवलं. दुसऱ्या दिवशी हेन्मीबाईंनी ते शब्द पट्टीखाली धरून ओळीओळीने वाचले आणि पेन्सिल थांबली.

"तामाईसान," त्या म्हणाल्या; तामाई हे माझं आडनाव, सान आदराचं. "हा सूर मुलांना घरी जा असं सांगण्यासाठी आहे."

"हो."

"गाणं म्हणतंय जाऊ नकोस."

"पण शब्द वाजणार नाहीत."

"लोकांच्या डोक्यात वाजतील."

हे मला सुचलं नव्हतं. पण सदतीस वर्षं संघात काढलेला माणूस कागदापुढे हरत नाही. मी म्हटलं, मुलांच्या डोक्यात वाजणार नाहीत, ती तेव्हा जन्मलीच नव्हती. हेन्मीबाईंनी विचार केला आणि समासात लिहिलं: 'मुलांच्या डोक्यात शब्द नाहीत (अर्जदाराचे म्हणणे)'. त्यावर शिक्का मारला. मग म्हणाल्या, गल्लीची संमती आणा, आणि ज्यांनी चाल लावली त्यांचं पत्र आणा. मी वळलो तेव्हा मागून कोणीतरी गुणगुणल्यासारखं वाटलं. वळून पाहिलं तर हेन्मीबाई फाइल लावत होत्या.

गल्लीची संमती म्हणजे गल्लीचे अध्यक्ष ओचिसान. वय अठ्ठ्याहत्तर, पूर्वी अग्निशामक दलात. कुठलाही विषय काढला तरी ते आधी एकोणीसशे सत्तरच्या आगीपासून सुरू करतात, आणि पंपाचं पाणी आटेपर्यंत आपण गप्प बसायचं असतं. त्या दिवशी आग पाऊण तासात विझली. मग त्यांनी सल्ला दिला, की अर्जात प्रेमगीत हा शब्द मुळीच घालायचा नाही. 'परिसराचा अभिमान' घालायचा. त्यांच्या चव्वेचाळीस वर्षांच्या अनुभवात परिसराच्या अभिमानाला कोणी नाही म्हटलेलं नाही. मागे त्याच नावाखाली त्यांनी स्वतःच्या घरासमोर दिवा बसवून घेतला होता. मी परिसराचा अभिमान घातला.

मग कागद फिरत्या पाटीला लावला. आमच्याकडे गल्लीची पाटी घरोघर फिरते. वाचायचं, आपल्या नावाचा शिक्का मारायचा (आमच्याकडे सहीच्या जागी तोच चालतो), शेजारच्या दारात ठेवायची. बावीस घरांना चार दिवस लागतात. या वेळी एकोणीस लागले, कारण पाटी शेजारच्या कुनिएसानकडे गेली आणि त्या भावाकडे गेल्या. पाटी त्यांच्या चपलांच्या कपाटात पंधरा दिवस होती. परत आली तेव्हा तिच्यावर शिक्के कमी आणि मतं जास्त. नऊ घरं 'पाच वाजले तरी'च्या बाजूची, सात 'सालीचा वास'च्या, चार 'बोट सुटू दे'च्या, एकाने नुसता शिक्का मारलेला, आणि एकाने लिहिलेलं: 'मंगळवारचा कचरा सोमवारी कोण ठेवतं ते आधी पाहावं.' 'सालीचा वास'वाल्या सातांनी 'बोट सुटू दे'वाल्यांशी त्यानंतर महिनाभर बोलणं टाकलं. मी जिंकलो होतो, पण बहुमताने नव्हे. ही टोचणी ओचिसान मला अजून लावतात.

कुनिएसानचं मत सगळ्यांत खाली होतं, बारीक अक्षरात: 'तामाईसान या गाण्यासाठी इतकी धावपळ का करतात ते ड्रमवाल्या रित्सुकोला विचारा.'

रित्सुको म्हणजे अमानात्सुची ड्रम वाजवणारी, आमच्याच गावची, तीन गल्ल्या पलीकडची. गाण्याची चाल तिचीच. आता ती ताकामात्सुला कुत्र्यांचे केस कापायचं दुकान चालवते. शाळेत ती माझ्या एक वर्ष मागे होती, आणि एकदा क्रीडादिनाच्या शर्यतीत मी तिच्या अंगावर पडलो होतो. एवढ्या भांडवलावर कुनिएसानने सगळा धंदा उभा केला. या बाई म्हणजे मध्यम आकार, साल पातळ, रस भरपूर. त्यांच्या आणि आमच्या अंगणाच्या मध्ये त्यांचं पर्सिमनचं झाड आहे. आमच्याकडे ऐकण्यासारखं काही सुरू झालं की त्या कात्री घेऊन त्याची एकच फांदी छाटायला येतात. ती फांदी आता वीतभर उरली आहे.

रित्सुकोला मी पत्र लिहिलं, परिसराच्या अभिमानासकट. उत्तर आलं ते एका ओळीचं: परिसराच्या अभिमानासाठी मी गाणं देत नाही, खरं कारण असेल तर कळवा. आता आली का पंचाईत. मी चार मसुदे केले. चौथ्यात सगळं खरं लिहिलं: शेंगा, तिकीट, भरती, सगळं. ज्या बाईला मी चाळीस वर्षांपूर्वी एकदा आडवं पाडलं होतं तिला मी जे दोन पानांत लिहिलं, ते सात पावलांवरच्या माणसाला सांगता येत नव्हतं. पण पत्राचं एक बरं असतं, ते टाकल्यावर पेटी आपल्याकडे बघत नाही.

दहा दिवसांनी तिचं उत्तर आलं. पाकीट नाही, उघडं पोस्टकार्ड. आम्ही दोघं घरी नव्हतो म्हणून पोस्टमनने ते कुनिएसानकडे दिलं, आणि त्यांनी ते मिसाओच्या हातात दिलं, मजकुराची बाजू वर ठेवून. मी संध्याकाळी जेवायला बसलो तर ते सोया सॉसच्या बाटलीला टेकवून ठेवलेलं.

'तुमचं पत्र तीनदा वाचलं. डोळे भरून आले. इतका जीव असलेल्या माणसाला नाही कसं म्हणू? गाणं तुमचं समजा. फक्त हळू वाजवू नका. हळू वाजवलं की ते रडतं. रित्सुको.'

"तुमचं पत्र आलंय," मिसाओ म्हणाली.

मी तोंड उघडलं. खुलासा करायचा तर जी गोष्ट सांगायची नव्हती नेमकी तीच सांगावी लागणार होती. मी तोंड मिटलं. मग ते मोकळं राहू नये म्हणून म्हटलं, "सॉस संपत आलाय."

"नवा आणलाय," ती म्हणाली. "जाताना सगळं भरून ठेवीन."

दुसऱ्या दिवशी तिने माळ्यावरून बॅगा काढल्या. आधी एक भरली. माझ्या हिशेबाने एक बॅग म्हणजे दोन महिने. आठवड्याने दुसरी उघडी दिसली, त्यात लोकरीचं सामान. मी म्हटलं, तिकडे थंडी फार. ती म्हणाली, हो. ऑक्टोबर लागला आणि तिसरी आली. तिसरीत उन्हाळ्याचे कपडे होते.

मी रोज नगरपालिकेत जाऊ लागलो. हेन्मीबाई म्हणाल्या, कायमचा निर्णय समिती घेईल, त्याआधी एक दिवस प्रयोग करता येईल: शनिवार, चौदा ऑक्टोबर, पाच वाजता, आणि तारीख पत्रकात छापून येईल. मी म्हटलं, एक दिवस पुरे. माझी खरोखरच एका दिवसाची गरज होती. फक्त विनंती केली की हळू वाजवू नका. त्यांनी नियमावली उघडली. दोन डोंगरांमध्ये आवाज एकमेकांत अडकू नये म्हणून धुनेचा वेग ठरलेला आहे, आणि नव्या यंत्रात आवाज एकच आहे, घंटेचा. मी म्हटलं, गाणं रडेल. त्यांनी पेन्सिल उचलली, मग खाली ठेवली. यासाठी रकाना नव्हता.

शनिवारी मिसाओ दुपारी कुनिएसानबरोबर बंदरावर सुकट आणायला गेली. साडेचारला येते म्हणाली होती. मी पावणेपाचला चहा केला, दोन कप. ओसरीचं दार सरकवून ठेवलं, म्हणजे आवाज आत यावा. पाचला पाच मिनिटं असताना एका कपावर बशी झाकली. पाच वाजले.

छत्तीस कर्णे एकदम सुरू झाले. घंटा, एकेक करून, जशी एखाद्या मोठ्या माणसाच्या अंत्यविधीला वाजावी. पहिल्या ओळीला मलाच ओळखू येईना. दुसऱ्या ओळीला ओळखू आलं आणि मग थांबवता येईना. रित्सुकोचं खरं होतं. मी ओसरीत दोन कपांसमोर एकटा बसून ते संपेपर्यंत ऐकलं. मिसाओ आली नव्हती.

गावात त्या वेळी काय झालं ते मला नंतर हप्त्याहप्त्याने कळलं. सत्तरीच्या वरच्यांना गाणं ठाऊक नव्हतं. त्यांनी घंटा ऐकली आणि लाटेची सूचना समजून आपापल्या आणीबाणीच्या पिशव्या उचलल्या. ओचिसान हेल्मेट घालून पुढे, मागे एकतीस जण, देवळाच्या एकशे चौदा पायऱ्या चढून वर. मुलांना घरी जायची धून ऐकूच आली नाही, म्हणून ती खेळत राहिली. हेन्मीबाईंच्या समासातलं माझं म्हणणं तंतोतंत खरं ठरलं. आणि त्यांना हाका मारायच्या ज्या आया आणि आज्या, त्या पन्नाशीच्या बायका, खिडकीशी ओल्या हातांनी उभ्या होत्या. न्हाव्याने एका गिऱ्हाइकाची अर्धी दाढी करून वस्तरा खाली ठेवला. पाच वाजून पाचची बोट अकरा मिनिटं उशिरा सुटली. आमच्या बंदराच्या इतिहासात असं झालेलं नाही. कप्तानाला कारण विचारलं तर त्याने नोंदवहीत लिहिलं: 'घड्याळ मागे होतं.' कप्तान छप्पन्न वर्षांचा आहे.

थोडक्यात, ज्यांनी घरी जायचं ते कोणीच घरी गेलं नाही.

मिसाओ पावणेसातला आली. चहा गार झाला होता. मी विचारलं, ऐकलंस?

"ऐकलं. फार हळू वाजवलं," ती म्हणाली, आणि सुकट बरणीत भरायला गेली.

एकूण एकेचाळीस फोन नगरपालिकेत आले. तिसाव्यानंतर हेन्मीबाईंनी वर्गवारी केली म्हणे: भीती, उशीर, जेवण करपलं, आणि 'इतर' म्हणून रडू आलं. सोमवारी मला बोलावणं आलं. जुनी धून परत सुरू झाली होती आणि माझ्या अर्जाची फाइल बंद करायची होती, पण ती तशी बंद होत नाही. अर्जदाराने आपल्या गल्लीतल्या प्रत्येक घरी जाऊन झाल्या प्रकाराचं स्पष्टीकरण द्यायचं आणि घरच्यांचा शिक्का आणायचा. मुदत सोमवार, सहा नोव्हेंबर. मी मनात हिशेब केला. सात तारखेला विमान.

ओचिसान म्हणाले, रिकाम्या हाताने जाऊ नका. भेट म्हणून संत्री नेण्यात अर्थ नव्हता. आमच्या गावात कोणाला संत्री देणं म्हणजे त्याचीच चप्पल त्याला देणं. मी गोड वाटल्या डाळीच्या वड्यांचे बावीस पुडे आणले आणि दारोदार निघालो. बेल वाजवायची, कमरेत वाकायचं, 'माझ्या अविचारामुळे आपल्याला त्रास झाला' म्हणायचं, पुडा द्यायचा, शिक्का घ्यायचा. तीन आठवडे लागले, कारण प्रत्येक घरात चहा होता आणि प्रत्येक चहात रित्सुको होती. न्हावी म्हणाला, तामाईसान, आम्ही पण तरुण होतो. एका आजींनी, ज्या देवळाच्या पायऱ्या चढल्या होत्या, माझा हात धरून सांगितलं, की पुन्हा करा, गुडघे मोकळे झाले. 'सालीचा वास'वाले सात म्हणाले, आमचं गाणं घेतलं असतं तर हे झालं नसतं. कुनिएसानने शिक्का मारायला चाळीस मिनिटं घेतली आणि मी निघताना म्हणाल्या, "त्या दिवशी बंदरावर मिसाओसान काय करत होत्या ते विचारत नाही वाटतं तुम्ही?" मी म्हटलं, सुकट घेत होती. त्या म्हणाल्या, "हो, सुकटच."

एकवीस शिक्के झाले. बाविसावं घर माझंच होतं. तिथे मी माझाच शिक्का मारला आणि शुक्रवारी कागद घेऊन गेलो. हेन्मीबाईंनी तो परत सरकवला. अर्जदाराने स्वतःला दिलेलं स्पष्टीकरण ग्राह्य नाही. घरातल्या दुसऱ्या प्रौढ व्यक्तीचा शिक्का हवा.

रविवारी दुपारी मिसाओ तिसऱ्या बॅगेवर गुडघा ठेवून चेन ओढत होती. मी कागद पुढे केला आणि म्हटलं, इथे जरा शिक्का मार.

तिने कागद वाचला. "बाकीच्यांकडे असेच गेलात?"

"म्हणजे?"

"बेल वाजवून गेलात ना? की त्यांच्याही घरात बॅगा भरताना मागून आलात?"

मी बाहेर गेलो. बूट घातले. एक पुडा उरला होता, तो घेतला. फाटकापर्यंत जाऊन परत आलो आणि माझ्याच घराची बेल वाजवली. ती कशी वाजते हे मी बाहेरून पहिल्यांदाच ऐकत होतो. बराच वेळ कोणी आलं नाही. शेजारी कात्रीचा आवाज सुरू झाला.

दार उघडलं तेव्हा मिसाओने एप्रन काढलेला होता आणि केस नीट केले होते, पाहुणा आला की करते तसे.

"कोण आपण?"

"तामाई."

"कुठले?"

"इथलेच," मी म्हटलं.

"काय काम काढलंत?"

मी कमरेत वाकलो. एकवीस वेळा म्हटलेलं होतं, जीभ आपोआप चालली: माझ्या अविचारामुळे आपल्याला त्रास झाला, कृपया क्षमा असावी. पुडा पुढे केला. तिने तो दोन्ही हातांनी घेतला आणि तशीच उभी राहिली.

"ही माफी झाली. कागदावर स्पष्टीकरण लिहिलंय."

शेजारची कात्री थांबली. मी अजून वाकलेलाच होतो, आणि एक सांगतो, माणसाला असलं काही बोलायचं असेल तर त्याने वाकूनच बोलावं. समोर फक्त चपला असतात.

"जाऊ नकोस, असं म्हणायचं होतं," मी तिच्या चपलांना सांगितलं. "म्हणजे जा. मुलीकडे जायलाच हवं. पण परत ये. तू नसलीस तर पाच वाजल्यानंतर मी काय करायचं ते मला माहीत नाही. आधीही माहीत नव्हतं. तेव्हा भरती येत नव्हती."

चपला हलल्या नाहीत.

"आणि ती ड्रमवाली?"

"तिने खरं कारण विचारलं म्हणून तिला लिहिलं. हेच."

"म्हणजे तिला आधी सांगितलंत."

"लेखी."

"आणि मला छत्तीस कर्ण्यांवरून सांगणार होतात."

"कर्ण्यांवरून सोपं वाटलं."

माझी कंबर दुखायला लागली होती. तिने पुडा बाजूला ठेवला. मग म्हणाली, "त्या दिवशी मी चारलाच बांधावर जाऊन बसले होते. पत्रकातली तारीख मी पण वाचली होती. म्हटलं, गाणं लागलं की कोणी येतंय का बघू. साडेसहापर्यंत बसले."

मी मान वर केली. मी इथे ओसरीत, झाकलेल्या कपासमोर. ती तिथे दगडावर. मध्ये छत्तीस कर्णे.

"चहा केला होता," मी म्हटलं.

"पाहिला. गार."

ती आत गेली, शिक्का घेऊन आली आणि दाराच्या चौकटीवर कागद धरून बाविसाव्या रकान्यात नीट दाबून मारला. शेजारच्या 'शेरा' या रकान्यात आजवर एकवीस घरांपैकी कोणीच काही लिहिलं नव्हतं. तिने लिहिलं. मग म्हणाली, आता आत या, पुड्यातल्या वड्या फोडू, आणि ते बूट सरळ काढून ठेवा.

मंगळवारी ती गेली. तीन बॅगांपैकी दोनच नेल्या. विमानतळावरून तिने फोनवर एक छायाचित्र पाठवलं: परतीचं तिकीट, आठ जानेवारी. खाली मजकूर काही नाही. हे न बोलता सांगणं आता आमच्या घरात दोन्हीकडून आहे असं दिसतं.

बुधवारी हेन्मीबाईंचा फोन आला. बाकी सगळं ठीक आहे, फाइल बंद करायला हरकत नाही, फक्त बाविसाव्या घराचा शेरा अपुरा आहे. 'ऐकून घेतले. पुन्हा सांगावे,' असं लिहिलंय. पण किती वेळा आणि कधी, याची नोंद नसेल तर विभागाला पुढची कार्यवाही ठरवता येत नाही.

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. ऊन उतरलं होतं. पाचला तीन मिनिटं कमी होती, शेडच्या घड्याळाने आधीच एक कमी होतं.

"रोज लिहा," मी म्हटलं. "संध्याकाळी पाच वाजता. फोनवरून."

पलीकडे पेन्सिल चालली. मग थांबली. रोजची बाब असेल तर नियमाप्रमाणे फाइल बंद करता येणार नाही, हेन्मीबाई म्हणाल्या, ती चालूच ठेवावी लागेल.

मी म्हटलं, ठेवा. मला साप्पोरोला फोन लावायचा होता.